ताप उतरल्यानंतरचे दुखणे

(पिंपळगाव रेणुकाई, ता. भोकरदन, जि. जालना येथे कार्यकर्ते व शेतमजूर यांच्या शिबिरात केलेले भाषण)



सकाळपासून या शिबिरात मजुरीचे दर, मिरचीचे भाव आणि पिण्याचे पाणी या प्रश्नांवर बरीच चर्चा झाली. मला आजारपणाविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. आजारपण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर त्याचे दोनच शेवट येतात. माणूस बरा होतो, नाही तर दगावतो. सरकारी तक्तेही याच दोन रकान्यांत भरले जातात. परंतु या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था आहे. माणूस मरत नाही, अंथरुणालाही खिळत नाही. पण तो पूर्वीसारखा उभाही राहत नाही. विषाणूचा ताप आठ दिवसांत उतरतो आणि सांध्यांतील दुखणे, अंगातील थकवा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे मागे उरतो. या तिसऱ्या अवस्थेत जगणाऱ्या माणसांविषयी मी बोलणार आहे. कष्टावर पोट असणाऱ्यांना ती फार महाग पडते, आणि तरीही आपल्या मागण्यांच्या यादीत तिला सहसा जागा मिळत नाही.

एका तापाची हकिगत

उदाहरण म्हणून मी चिकुनगुनिया घेतो, कारण महाराष्ट्राने आणि मराठवाड्याने तो चांगलाच भोगला आहे. हा विषाणू प्रथम ओळखला गेला तो १९५२-५३ च्या सुमारास, त्या वेळच्या टांगानिका आणि आजच्या टांझानिया देशात. तेथील माकोंडे पठारावरील लोकांच्या भाषेत या शब्दाचा अर्थ 'वाकवून टाकणारा' असा आहे. नाव रोग्याच्या चालण्यावरून पडले. आपल्याकडे २००६ साली नावातील 'चिकन' ऐकून पुष्कळ लोकांनी कोंबडी खाणे सोडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता, त्यामुळे गोंधळात आणखी भर पडली. वस्तुतः कोंबडीचा या रोगाशी काही संबंध नाही. तो दिवसा चावणाऱ्या एडिस जातीच्या डासांमार्फत पसरतो.

भारतात या रोगाची मोठी साथ प्रथम १९६३ साली कोलकात्यात आली. पुढे १९६५ पर्यंत ती मद्रास, विशाखापट्टणम, नागपूर अशा शहरांत पोचली. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी गावात तिचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर सुमारे ३२ वर्षे देशात चिकुनगुनियाची मोठी साथ आली नाही आणि रोग संपला असे गृहीत धरले गेले. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेश व कर्नाटकातून तो परतला आणि २००६ च्या पूर्वार्धात मराठवाड्यात शिरला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासणी केली तेव्हा हा पूर्वीचा आशियाई प्रकार नसून आफ्रिकेतील प्रकार असल्याचे दिसून आले. त्याच जातीचा विषाणू २००० साली पुणे जिल्ह्यातील यवत येथे डासांमध्ये सापडला होता. म्हणजे शत्रू आधीच घरात येऊन बसला होता. आपण मात्र त्याला गेलेला समजत होतो.

२००६ या एका वर्षात देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्णांची नोंद झाली. सर्वाधिक कर्नाटकात, आणि त्याखालोखाल महाराष्ट्रात अडीच लाखांवर. सरकारी नोंदीत चिकुनगुनियाने झालेला एकही मृत्यू नव्हता. परंतु अहमदाबाद शहराच्या मृत्युनोंदी तपासणाऱ्या संशोधकांना ऑगस्ट ते नोव्हेंबर २००६ या काळात अपेक्षेपेक्षा २९४४ मृत्यू अधिक झाल्याचे आढळले. मृत्यूसारखी ठळक गोष्ट जर नोंदीतून निसटू शकते, तर दुखणाऱ्या मनगटाची नोंद कोण ठेवणार?

तरीही एक प्रयत्न झाला. पुदुच्चेरी येथील व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरच्या संशोधकांनी २००६ च्या साथीमुळे देशातील माणसांच्या निरोगी आयुष्याची किती वर्षे वाया गेली, याचा हिशेब मांडला. तो आकडा सुमारे २५ हजार ६०० वर्षे इतका निघाला. त्यातील ६९ टक्के हानी तापामुळे झालेली नव्हती. ती ताप गेल्यानंतर टिकून राहिलेल्या सांधेदुखीमुळे झालेली होती. हा आकडा आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. ज्या आठ-दहा दिवसांत गावात फवारणी होते, डॉक्टरांचे पथक येते, वर्तमानपत्राचा बातमीदार येतो, त्या दिवसांतील हानी एक तृतीयांशाहून कमी असते. उरलेली दोन तृतीयांश हानी, पथक परत गेल्यावर, घराघरांत मुकाट्याने सोसली जाते.

हे आपल्याच देशात घडते असेही नाही. हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटावर २००५-०६ साली जवळजवळ एक तृतीयांश लोकसंख्येला हा रोग झाला. तेथील रुग्णांचा पाठपुरावा करण्यात आला, तेव्हा पंधरा महिन्यांनंतरही निम्म्याहून अधिक रुग्ण सांधेदुखीची तक्रार करीत होते. वय पंचेचाळीसच्या पुढे असेल तर दुखणे टिकण्याचा संभव वाढतो असेही आढळले. स्त्रियांमध्ये ते अधिक काळ टिकते, असे अनेक अभ्यासांचे निष्कर्ष आहेत. फरक एवढाच की फ्रान्सच्या राज्ययंत्रणेने त्या रुग्णांना पुन्हा शोधून काढले आणि विचारपूस केली. आपल्याकडे विचारपूस झाली असेल तर ती शेजारणीने केली.

बोटांचे सांधे आणि मिरचीचा तोडा

आता हे दुखणे नेमके कोठे बसते ते पाहा. हाताच्या बोटांचे सांधे, मनगटे, घोटे आणि गुडघे ही त्याची ठरलेली ठिकाणे आहेत. सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही. ताठरपणा जाण्यास तास-दोन तास लागतात. खाली बसले तर उठवत नाही.

पिंपळगाव रेणुकाईची ओळख जशी रेणुकामातेच्या मंदिरामुळे आहे तशी हिरव्या मिरचीच्या बाजारपेठेमुळेही आहे. हंगामात येथून ट्रकांनी भरून मिरची परराज्यांत जाते. या सगळ्या उलाढालीचा पाया काय आहे? तोडणाऱ्या बाईची दोन बोटे! मिरचीचे झाड न मोडता, देठासह, एकेक मिरची खुडावी लागते. त्यासाठी दिवसभर सरीत वाकावे किंवा उकिडवे बसावे लागते, आणि मजुरी बहुधा किलोवर ठरते. म्हणजे ज्या सांध्यांवर हा आजार घाला घालतो, नेमक्या त्याच सांध्यांवर या गावातील मजूर स्त्रीची कमाई अवलंबून आहे. कचेरीतील कारकुनाचा गुडघा दुखला तर तो खुर्चीवर बसून काम करतो आणि महिन्याच्या एक तारखेला त्याचा पगार होतो. मिरची तोडणारीची बोटे वळेनाशी झाली की त्याच संध्याकाळी, काट्यावर, तिचा पगार कापला जातो. तेथे मुकादम अन्याय करीत नाही, मालकही करीत नाही, काटाच करतो. म्हणून हा अन्याय कोणाला अन्याय वाटत नाही.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची स्थिती याहून कठीण आहे. तेथे नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल आधीच घेतलेली असते. दोघांपैकी एकाचे मनगट धरले की दोघांचेही काम अडते. कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा लावला जातो आणि तो उचलीच्या हिशेबात चढतो. आजारी माणूस अशा रीतीने आजारपणाचे कर्ज घेऊन गावी परततो.

आणि बाई शेतातून घरी आली म्हणजे काम संपत नाही. हंडा उचलणे, भाकरी थापणे, धुणे पिळणे ही सारी मनगटाचीच कामे आहेत. त्यांची मजुरी कोणी देत नाही, म्हणून त्यांच्या खोळंब्याचा हिशेबही कोणी मांडत नाही. बाई ते काम मुलीकडे सोपवते. एका विषाणूमुळे शाळा अर्धवट सोडणारी मुलगी चिकुनगुनियाच्या कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. पण ती त्या साथीचीच बळी असते.

'सोंग' म्हणणारे आपणच

या आजाराचे दुसरे दुःख असे की तो दिसत नाही. पोलिओ झालेल्या माणसाचा पाय दिसतो, म्हणून त्याला बसमध्ये जागा मिळते. तेथेही शेवटपर्यंत न्याय होतो असे नाही. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. ही आपल्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेची मोठी कामगिरी आहे. परंतु १९७०-८० च्या दशकांत ज्यांना बालपणी पोलिओ झाला, ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. मूळ रोगानंतर पंधरा ते चाळीस वर्षांनी त्यांच्यापैकी काहींच्या स्नायूंत नव्याने अशक्तपणा येतो, थकवा वाढतो. हे वैद्यकशास्त्राला माहीत आहे. त्या माणसाला स्वतःला मात्र ते कोणी सांगितलेले नसते. प्रमाणपत्र देशाला मिळाले; रोग भोगणारा मात्र भोगतच राहिला.

कोविडनंतर हीच गोष्ट जगभर घडली. २०२० आणि २०२१ च्या लाटांतून वाचलेल्या पुष्कळांना महिनोन्‌महिने थकवा, धाप, विस्मरण, छातीतील धडधड यांचा त्रास झाला. त्या अवस्थेला 'लाँग कोविड' हे नाव प्रथम कोणा वैद्यकीय परिषदेने दिले नाही. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या मूळच्या इटलीच्या पुरातत्त्व-अभ्यासक बाईंनी, स्वतः रुग्ण असताना, ते वापरले आणि इतर रुग्णांनी ते उचलून धरले. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली. लागण झाल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी आढळणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसरे कारण न सापडणारी लक्षणे, अशी ती व्याख्या आहे. रोग्यांनी आपल्या दुखण्याला नाव दिले, ते एकमेकांशी बोलले, संघटित झाले, आणि मग शास्त्राने त्याची दखल घेतली. आपल्यासारख्या चळवळीत काम करणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये.

आपल्या गावांत काय झाले? टोळीतील बाई दुपारी झाडाखाली बसली की बाकीच्या म्हणतात, 'हिला काय झालंय, ताप तर कधीच गेला.' घरात सासू म्हणते, 'नाटकं करते.' डॉक्टरकडे गेले तर रक्ताचा अहवाल स्वच्छ येतो आणि डॉक्टर म्हणतात, 'काही नाही, मनाचं आहे.' कार्यकर्ते म्हणवणारे आपणही मोर्चाला न येणाऱ्या साथीविषयी असेच बोलतो. दिसत नाही ते खोटे, हा समज आजाऱ्याला आजाराइतकाच छळतो. अहवाल स्वच्छ येणे याचा अर्थ एवढाच की त्या तपासणीत काही सापडले नाही.

कागदाचा प्रश्न

आता मी या विषयाच्या गाभ्याशी येतो. सरकारकडे काही मागायचे तर कागद लागतो. २००६ च्या साथीत संशयित रुग्ण १३ लाख ९० हजार होते. प्रयोगशाळेत तपासून रोग सिद्ध झालेले रुग्ण होते सुमारे दोन हजार. साथीच्या काळात प्रत्येकाचे रक्त तपासण्याची गरज नसते. काही नमुने तपासून साथ कशाची आहे हे ठरवायचे आणि बाकीच्यांवर लक्षणांवरून उपचार करायचे, ही पद्धत शास्त्राला धरूनच आहे. पण तिचा एक परिणाम ध्यानात घ्या. उरलेल्या लाखो लोकांजवळ आपल्याला हा रोग झाला होता, असे दाखवणारा एकही कागद नाही. गोळी देणाऱ्याने चिठ्ठी दिली नाही, सुई टोचणाऱ्याने पावती दिली नाही. साथ सरली आणि तिच्याबरोबर पुरावाही गेला.

आता आपल्या योजना पाहू. महाराष्ट्राची जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत सुरू झाली. पुढे ती राज्यभर झाली आणि २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे. रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या ठराविक उपचारांसाठी तिचा मोठा आधार आहे. पण सांधेदुखीचा किंवा थकव्याचा रुग्ण दाखल होत नाही. तो महिन्याला एकदा बाहेरून दाखवून, गोळ्या घेऊन परत येतो. तो खर्च या योजनेच्या बाहेर पडतो.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची आहे. तिच्या निकषांत क्षयरोग, पक्षाघात, कर्करोग, कुष्ठरोग अशा आजारांची नावे आहेत. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा २१ प्रकार मानतो, आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. सांध्याची हालचाल कायमची गेली असेल तर चलनवलनाच्या अपंगत्वाखाली दाखला मिळू शकतो. पण ज्याचे सांधे आठवड्यातले तीन दिवस धरतात आणि चार दिवस चालतात, त्याला कोणत्या रकान्यात बसवणार? विषाणूनंतर टिकून राहणाऱ्या दुखण्याचे स्वतंत्र नाव त्या यादीत नाही.

याउलट संघटित कामगाराकडे पाहा. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखाली कारखान्यातील विमेदार कामगाराला आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळण्याची सोय झाली. दीर्घ आजारांची एक यादी करून त्यांच्यासाठी दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रकमेची तरतूद झाली. ही सोय कोणी दान म्हणून दिलेली नाही. तिच्यामागे कामगार चळवळीची पुण्याई आहे. 'आजारी माणसाचे पोट आजारपणातही चालले पाहिजे' हे तत्त्व या देशाने स्वातंत्र्य मिळताच मान्य केले, पण ते कारखान्याच्या फाटकापाशी थांबले. शेताच्या बांधापर्यंत ते आजही आलेले नाही.

उपचाराविषयी थोडे

मी वैद्यकीय सल्ला देण्यास उभा नाही. परंतु चार गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्यास माहीत असाव्यात, कारण लोक आपल्याला विचारतात.

या विषाणूवर नेमके औषध नाही. तापाच्या दिवसांत विश्रांती, भरपूर पाणी आणि पॅरासिटामॉल हाच उपचार आहे. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत इतर वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. पुढे दुखणे टिकले तर वेदनाशामके डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत. दुकानातून आणून महिनोन्‌महिने गिळलेल्या गोळ्या जठर आणि मूत्रपिंड यांची हानी करतात. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजलेले असतील तर सांधेविकाराच्या जाणकाराला दाखवले पाहिजे. काही रुग्णांना संधिवातावरील विशेष औषधे द्यावी लागतात.

'ताकदीचे' म्हणून दिले जाणारे सलाईन आणि एका दिवसात उभे करणारे इंजेक्शन यांपासून लोकांना सावध करा. असा झटपट गुण पुष्कळदा स्टेरॉइडचा असतो. सांधेदुखीवरील बेनामी पुड्यांतही ते मिसळलेले आढळले आहे. पहिल्या आठवड्यात त्याने बरे वाटते. पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

आणखी एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. ताठरलेल्या सांध्याला हळूहळू हालचालीची, शेकाची, व्यायामाची गरज असते. तो नुसता निजून सुटत नाही. परंतु कोविडनंतरचा थकवा वेगळा असतो. त्यात काहींना जोर लावून काम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास दुप्पट होतो. त्यांना 'अंग मोडून काम कर, म्हणजे जाईल' असे सांगणे अपायकारक आहे. काम तुकड्यातुकड्यांनी, मध्ये विसावा घेऊन करणे हाच त्यांचा मार्ग आहे. पण विसावा घेण्याची मुभा कोणाला असते? पोटावर मजुरी घेणाऱ्याला नसते. म्हणूनच या औषधाची चिठ्ठी डॉक्टर लिहू शकत नाही. ती मजुरीच्या नियमांतच लिहावी लागेल.

रांजण रिकामा करा, असे कोणास सांगता?

आजार होऊच नये यासाठी सरकार 'कोरडा दिवस' पाळण्यास सांगते. आठवड्यातून एकदा पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून, वाळवून ठेवायची. एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. त्याची अंडी कोरड्यावर महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी लागताच फुटतात. तेव्हा सूचना शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे. पण ती कोणाला केली जाते? ज्या वस्तीत उन्हाळ्यात नळाचे पाणी आठ-दहा दिवसांनी येते आणि टँकरमागे धावावे लागते, तेथील बाईला! दहा दिवस पुरवायचे पाणी ती सातव्या दिवशी ओतून कसे देईल? तिच्या दारातील ड्रम आणि हौद ही तिची निष्काळजी नव्हे. तो आमच्या पाणीपुरवठ्याच्या अपयशाचा पुरावा आहे. रोज पाणी येऊ लागले की साठवण आपोआप कमी होईल आणि डासही कमी होतील. तोपर्यंत भांड्यांवर घट्ट कापड बांधणे, हौदात गप्पी मासे सोडणे, आरोग्य खात्याकडून अळीनाशक टाकून घेणे एवढे तरी आपण केलेच पाहिजे. पाण्याच्या मोर्चात आरोग्याची मागणी आणि आरोग्याच्या निवेदनात पाण्याची मागणी, अशी जोडी यापुढे असली पाहिजे.

आपण काय मागावे, काय करावे

मागण्या मी थोडक्यात मांडतो. पहिली, मोजदाद. उच्च रक्तदाब व मधुमेह यांच्या रुग्णांची यादी आरोग्य उपकेंद्रात ठेवली जाते, तशीच साथीनंतर तीन महिने उलटूनही ज्यांचे दुखणे टिकले आहे अशांची नोंदवही ठेवावी. आशा भगिनीच्या घरभेटीत हा एक प्रश्न वाढवावा, आणि त्या वाढीव कामाचा मोबदला तिला मिळावा. फुकटच्या घामावर आपल्याला आरोग्यसेवा उभी करायची नाही. दुसरी, उपचार. सरकारी रुग्णालयांतील उपचार ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले आहेत. पण तेथे भौतिकोपचार करणारा माणूसच नसेल तर निःशुल्क या शब्दाला अर्थ उरत नाही. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात त्याचा वार ठरवून द्यावा. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तेथील जाणकार डॉक्टरांनी महिन्यातून एकदा तालुक्याच्या ठिकाणी येऊन असे रुग्ण तपासावेत.

तिसरी, पोटाची सोय. वैद्यकीय अधिकाऱ्याने तपासून दिलेल्या दाखल्यावर, ठराविक मुदतीपुरते, निर्वाह अनुदान मिळावे. मुदत संपली की पुन्हा तपासणी व्हावी. चौथी, कामाची सोय. १९७२ च्या दुष्काळातून उभ्या राहिलेल्या रोजगार हमीचा या राज्याला अभिमान आहे. १९७७ साली तिचा कायदा झाला. पण तिच्यातही मजुरी मोजमापावर होती. म्हणजे अर्ध्या ताकदीच्या माणसाला अर्धीच भाकरी मिळे. पाणी पाजणे, मुले सांभाळणे, रोपे जोपासणे अशी हलकी कामे पूर्ण रोजावर आजाऱ्यांना मिळतील, असा नियम कोणत्याही रोजगार योजनेत असलाच पाहिजे.

यावर आक्षेप येईल की खोटे आजारी शिरतील. काही शिरतीलही. पण खोट्या श्रीमंतांनी सवलती घेतल्या म्हणून बँका बंद झाल्या नाहीत. थोड्या खोट्यांच्या भीतीने साऱ्या खऱ्यांना उपाशी ठेवणे हा न्याय होत नाही. पैसा कोठून आणायचा, असेही विचारले जाईल. त्याचे उत्तर असे की हा खर्च आजही होतोच आहे. तो मजुराच्या घरात, दागिना गहाण टाकून, मुलीची शाळा सोडवून केला जातो. तो सर्वांनी मिळून उचलावा, एवढीच आपली मागणी आहे.

सरकार करील तेव्हा करील. काही कामे उद्यापासून आपल्या हातची आहेत. प्रत्येक शाखेने एक वही घालावी. ज्यांची इच्छा असेल त्यांचीच नोंद करावी आणि ती वही चव्हाट्यावर ठेवू नये. ताप कोणत्या महिन्यात आला, कोठे दाखवले, कोणते सांधे धरले, किती रोज बुडाले, एवढे लिहिले तरी पुरे. पुढच्या साथीत प्रत्येक रुग्णाला सरकारी दवाखान्याचा केसपेपर काढायला लावा आणि तो जपून ठेवायला सांगा. दाखल्यासाठी तहसिलात जाणाऱ्याबरोबर एक कार्यकर्ता जावा. टोळीत जिची बोटे चालत नाहीत तिला मिरची निवडण्याचे, पोती भरताना तोंड धरण्याचे, वजन लिहिण्याचे काम द्यावे आणि टोळीने आपल्या कमाईतून तिचा वाटा काढावा. असा समजूतदारपणा आपल्या कष्टकरी स्त्रियांत मुळातच आहे. त्याला रिवाजाचे रूप देणे आपले काम आहे.

साथींनो, साथ पुन्हा येते हे बार्शीनंतरच्या ३२ वर्षांनी आपल्याला शिकवले आहे. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे-नागपूरकडे चिकुनगुनियाने पुन्हा डोके वर काढले होते. ज्यांना तो झाला त्यांच्यापैकी किती जण पुढच्या वर्षी कामावर पूर्ण हाताने परतले, हे आज कोणी सांगू शकणार नाही, कारण तशी नोंद ठेवण्याची पद्धतच नाही. ती पद्धत आपल्या वहीतून सुरू होऊ शकते. येत्या हंगामात पहिल्या तोड्याला टोळ्या निघतील, त्याआधी या परिसरातील प्रत्येक वस्तीवर ही वही पोचावी, एवढे आवाहन करून मी आपली रजा घेतो.